लॅपटॉपवरून डेस्कटॉप उघडत नाही, प्रिंट जात नाही: फॉरमॅट करायच्या आधी हे बघा

ताई, सगळ्यात आधी एक करा, रविवारी जो मुलगा दोन्ही मशीन फॉरमॅट करायला येणार आहे त्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा. तुम्ही जे लिहिलंय त्यात फॉरमॅट करण्यासारखं काहीही नाही. उलट केलं तर प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी टायपिंग, मुलीचे पेपर हे सगळं परत बसवण्यात दोन दिवस जातील आणि प्रॉब्लेम होता तिथेच राहील, कारण माझ्या मते तो विंडोजमधे नाहीच.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो. खाली क्लासच्या खोलीत विंडोज १० चा डेस्कटॉप, तो वायरने जुन्या राउटरला जोडलेला, त्यालाच यूएसबीने लेझर प्रिंटर. वर मुलीचा विंडोज ११ चा लॅपटॉप. ती दहावीचे सराव पेपर टाइप करते, आधी वरूनच प्रिंट द्यायची आणि डेस्कटॉपवरच्या फोल्डरमधे फाईल टाकायची. पंधरा दिवसांपूर्वी नवीन फायबर आलं, त्याचा डबा वरच्या हॉलमधे बसवला, जुना राउटर खाली तसाच ठेवला. तेव्हापासून लॅपटॉपवरून डेस्कटॉप उघडायला गेलं की विंडोज कॅनॉट ॲक्सेस आणि खाली ८००७००३५ असा कोड. इंटरनेट मात्र दोन्हीकडे मस्त. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉपवरून लॅपटॉपचा आयपी, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता, टाकला तर तो युजरनेम पासवर्ड विचारतो. व्हिडिओ बघून तुम्ही फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारा विंडोजचा पहारेकरी) बंद केला, एसएमबी वन (फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू केलं, फोल्डरला एव्हरीवन फुल कंट्रोल दिलं, तरी काही फरक नाही. सध्या मुलगी पेनड्राइव्ह घेऊन जिना उतरते.

ते जे जाता जाता लिहिलंय ना, तीच खरी खूण आहे. खालून वर जाता येतं, वरून खाली येता येत नाही. बिघाड सेटिंगचा असता तर तो सहसा असा एका बाजूने धड आणि एका बाजूने बंद, तेही नेमका नवीन डबा आल्यापासून, असा वागला नसता. अशी एकतर्फी अडचण दिसली की मी सगळ्यात आधी घरात राउटर किती आहेत ते मोजतो. तुमच्या घरात दोन आहेत, आणि बहुतेक फायबरच्या डब्यातून निघालेली वायर जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमधे गेलीय, म्हणजे जो पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो आणि इंटरनेट असं लिहिलेलं असतं तो.

त्याने काय होतं तर घरात एकाच्या ऐवजी दोन नेटवर्क तयार होतात, एकाच्या आत दुसरं. जुन्या वाड्यात मागच्या खोलीला आतून कडी असायची तसं समजा. आतल्या माणसाला कडी काढून पुढच्या चौकात येता येतं, चौकातून पुढे रस्त्यावरही जाता येतं, म्हणून डेस्कटॉपला इंटरनेट मिळतं आणि लॅपटॉपही सापडतो. पण चौकातल्या माणसाने बाहेरून ढकललं तर दार उघडणार नाही. तुमचा डेस्कटॉप मागच्या खोलीत आहे, लॅपटॉप चौकात आहे. फायबरच्या डब्याला आतल्या नेटवर्कची माहितीच नसते त्यामुळे लॅपटॉपने हाक मारली तरी ती भलतीकडे जाते.

हे खरंच आहे का ते बघायला दोन मिनिटं लागतात, आणि बघितल्याशिवाय वायरला हात लावू नका. दोन्ही मशीनवर स्टार्टमधे सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग कमांड द्या. बरंच काही येईल, त्यातली आयपीव्ही४ ॲड्रेस ही एकच ओळ कागदावर लिहा, मशीनच्या नावासकट. डेस्कटॉपवर १९२.१६८.०.१०३ आणि लॅपटॉपवर १९२.१६८.१.७ असं काहीतरी दिसलं, म्हणजे तिसरा आकडा वेगळा निघाला, की निकाल लागला. घरगुती राउटरमधे पहिले तीन आकडे सारखे असले तरच दोन मशीन एका नेटवर्कमधे आहेत असं समजायचं. एखाद्या मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर ती तिसरीच गोष्ट, त्या मशीनला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही म्हणून विंडोजने स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. आपल्याकडे लाईट जाऊन आली की हे फार होतं, डेस्कटॉप यूपीएसवर चालूच राहतो आणि राउटर बंद पडून पुन्हा उठायला दोन तीन मिनिटं घेतो. बऱ्याचदा थोड्या वेळाने आपोआप जुळतं, नाही जुळलं तर वायर काढून परत लावली की झालं.

मग पिंग करा, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का ते बघा. लॅपटॉपवरून पिंग आणि पुढे डेस्कटॉपच्या आयपीचा आकडा. इथे एका गोष्टीत शिकलेली माणसंसुद्धा फसतात म्हणून नीट सांगतो. चार ओळी येतात आणि खाली लॉस किती ते येतं. लोक फक्त खालचं झिरो पर्सेंट लॉस बघतात आणि म्हणतात पिंग लागतोय. वरची ओळ वाचा. तिथे रिप्लाय फ्रॉमच्या पुढे जर आपल्याच मशीनचा आकडा असेल आणि त्याच्यापुढे डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल लिहिलं असेल तर ते उत्तर समोरच्याचं नाही, आपलंच मशीन आपल्याला सांगतंय की या पत्त्यावर कोणी भेटलं नाही, आणि विंडोज तेही उत्तर मिळालं असंच मोजतं. रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर त्याचा अर्थ वेगळा. निरोप गेला, उत्तर आलं नाही. एकाच नेटवर्कमधे असताना टाइम्ड आउट आलं तर समोरचं मशीन जिवंत असूनही फायरवॉल पिंगला उत्तर देऊ देत नाही अशी शक्यता असते, तेव्हा लगेच एआरपी, स्पेस, मायनस ए ही कमांड द्या. समोरच्याचा आकडा आणि त्याच्यापुढे बारा अक्षरांचा हार्डवेअर पत्ता दिसला की मशीन नक्की तिथे आहे, फक्त दार लावून बसलंय. तुमच्या बाबतीत दोन नेटवर्क असल्यामुळे मला टाइम्ड आउट येईल असं वाटतं आणि एआरपीच्या यादीत डेस्कटॉपचा आकडा नसेल.

आता दुरुस्ती. जुना राउटर फेकायचा नाही, त्याची खाली गरज आहेच, फक्त त्याने राउटरचं काम सोडून साधा स्विच आणि वायफायचा डबा एवढंच राहायचं. बऱ्याच राउटरच्या पानावर (ब्राउझरमधे राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते सेटिंगचं पान) ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असतो, तो असेल तर निवडा, रीस्टार्ट करा, संपलं. नसेल तर हाताने करायचं. डेस्कटॉपवरून जुन्या राउटरचं पान उघडा, लॅन (म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या) सेटिंगमधे त्याचा स्वतःचा पत्ता फायबरच्या डब्याच्या घराण्यातला पण वेगळा द्या, म्हणजे डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि डब्याच्या पानावर जाऊन तो बाकीच्यांना जे आकडे वाटतो त्यात हा २ नाही ना ते बघून घ्या. मग जुन्या राउटरमधलं डीएचसीपी, म्हणजे मशीनना पत्ते वाटायचं काम, बंद करा. सेव्ह. मग फायबरच्या डब्यातून येणारी वायर वॅनमधून काढून जुन्या राउटरच्या लॅनच्या कुठल्याही पोर्टमधे लावा, वॅन पोर्ट रिकामा राहू दे. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी बंद करायच्या आधी वायर बदलली तर दोघंही पत्ते वाटायला लागतात आणि मग कुठलं मशीन कोणाकडून पत्ता घेतंय ते कळत नाही, घरातले मोबाईलसुद्धा मधेच इंटरनेट सोडायला लागतात. नंतर डेस्कटॉप रीस्टार्ट करून परत आयपीकॉन्फिग बघा, आता दोघांचे पहिले तीन आकडे सारखे यायला हवेत. जुन्या राउटरचं पान यापुढे नवीन पत्त्यावर उघडेल, तो पत्ता राउटरच्याच खाली कागदाची चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा, सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

बऱ्याच घरांत राउटर एकच असतो आणि तरी हेच होतं, तेव्हा बघायच्या दोन जागा. एक म्हणजे लॅपटॉप चुकून गेस्ट वायफायला जोडलेला असतो, गेस्टचं कामच मुळी घरातल्या बाकी मशीनपासून पाहुण्याला लांब ठेवणं हे आहे. काही डब्यांत एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन असा टिक असतो, त्यानेही वायफायवरची मशीन एकमेकांना दिसत नाहीत. दुसरी जागा ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉपला ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट. मुलगा किंवा मुलगी आयटीत असेल, घरून काम करत असेल, तर व्हीपीएन चालू असताना लॅपटॉपची सगळी वाट ऑफिसकडे वळलेली असू शकते आणि शेजारच्या खोलीतला प्रिंटर दिसत नाही. व्हीपीएन बंद करून बघा, चाललं तर कारण सापडलं, आणि ऑफिसच्या लॅपटॉपची सेटिंग त्यांच्या परवानगीशिवाय बदलू नका.

रस्ता मोकळा झाला की मग विंडोजकडे वळायचं. नवीन राउटर म्हणजे विंडोजच्या दृष्टीने नवीन नेटवर्क, आणि नवीन नेटवर्कला ते पब्लिक समजतं, म्हणजे आपण एसटी स्टँडवर बसलोय असं समजून दारं लावून घेतं. म्हणून राउटर बदलला की शेअरिंग तुटतं आणि लोकांना वाटतं अपडेटने बिघडलं. दोन्ही मशीनवर सेटिंग्जमधे नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे आपलं वायफाय किंवा इथरनेट, त्यात प्रॉपर्टीज, आणि प्रायव्हेट निवडा. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमधे प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल अँड प्रिंटर शेअरिंग दोन्ही चालू. वेगळं अँटिव्हायरस विकत घेतलेलं असेल तर त्याचाही स्वतःचा फायरवॉल असतो आणि तिथेही हे नेटवर्क घरचं म्हणून सांगावं लागतं, हे विसरलं की विंडोजमधे सगळं बरोबर दिसून अडतं.

आणि आता कृपा करून तुम्ही व्हिडिओ बघून जे तीन बदल केलेत ते उलटे फिरवा. फायरवॉल चालू करा. निरोप डेस्कटॉपपर्यंत पोचतच नव्हता, त्यामुळे तो बंद करून काही फायदा होणारच नव्हता. एसएमबी वन परत काढून टाका. ते फाईल शेअरिंगचं फार जुनं बोलणं आहे, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) जगभर पसरलं ते त्यातल्याच भोकातून. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमधेच दिला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले, आणि त्याच वर्षीच्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून विंडोज १० मधे नवीन बसवताना एसएमबी वन येणंच बंद झालं. मग लोक ते परत का चालू करतात तर एक्सप्लोररमधे नेटवर्कवर क्लिक केल्यावर मशीनची यादी दिसत नाही म्हणून. जुनी यादी एसएमबी वनच्या आधाराने तयार व्हायची. आताची यादी वेगळ्या पद्धतीने येते आणि त्यासाठी सर्व्हिसेसमधे फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ही सर्व्हिस ऑटोमॅटिक करून चालू ठेवावी लागते, एवढंच. ती केली की थोड्या वेळात डेस्कटॉप यादीत यायला लागेल. नाही आला तरी काही बिघडत नाही, यादीत न दिसणारं मशीन पत्ता टाकून बिनधास्त उघडतं.

एव्हरीवन फुल कंट्रोलबद्दल मी जरा कळकळीने सांगतो. माझ्या ओळखीच्या एका घरी टॅक्सचं काम चालायचं, तीन मशीन, सगळ्यांची डी ड्राइव्ह एकमेकांना फुल कंट्रोलने शेअर केलेली, पासवर्ड नाही. एका मशीनवर कोणीतरी मेलमधली फाईल उघडली आणि तासाभरात तिन्ही मशीनवरच्या फाईलींची नावं बदललेली, एकही उघडेना. ज्या मशीनवर ती मेल उघडलीही नव्हती तिथला सात वर्षांचा डेटा गेला, आणि बॅकअप म्हणून जी कॉपी ठेवली होती तीसुद्धा शेअर केलेल्या ड्राइव्हवरच होती. त्या घरातल्या काकांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी अख्खी ड्राइव्ह शेअर करून देत नाही, आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवायला सांगतो.

त्याऐवजी असं करा. डेस्कटॉपवर डी ड्राइव्हमधे पेपर नावाचा एक फोल्डर, नाव इंग्रजी अक्षरांत, आणि एक वेगळं लोकल अकाउंट फक्त शेअरिंगसाठी. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, तिथे या माणसाची माहिती माझ्याकडे नाही असं निवडून पुढे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर बनवा. नाव छोटं, पासवर्ड नक्की ठेवा. पासवर्ड रिकामा ठेवला तर विंडोज त्या अकाउंटला नेटवर्कवरून आत घेतच नाही, मशीनसमोर बसून चालतं पण लांबून नाही, आणि यात लोकांचे दिवस जातात. दुसरा घोळ पिनचा. रोज चार आकडे टाकून मशीन उघडणाऱ्याला वाटतं तोच पासवर्ड. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो आणि तो बऱ्याच जणांना आठवतही नाही. म्हणून मी वेगळं अकाउंटच बनवतो, सगळा प्रश्नच मिटतो.

मग त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स. एव्हरीवन काढा, नवीन अकाउंट टाका, चेंज आणि रीड द्या. हे झालं शेअरचं. त्याच खिडकीत सिक्युरिटी नावाचा दुसरा टॅब आहे, तिथेही तेच अकाउंट टाकून मॉडिफाय द्या. दोन कुलपं आहेत असं समजा, दोन्ही उघडली तरच आत जाता येतं, आणि दोघांत जे जास्त कडक असेल ते चालतं. फोल्डर उघडतो पण त्यातली एखादीच फाईल ॲक्सेस डिनाइड म्हणते असं झालं तर ती फाईल कुठून आली ते आठवा. त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून कट पेस्ट केलेली फाईल आपल्या जुन्या परवानग्या घेऊन येते, कॉपी पेस्ट केली तर नवीन फोल्डरच्या परवानग्या लागतात. मुलीला सांगा कॉपी करायचं.

आता लॅपटॉपवर विंडोज आणि आर दाबून दोन उलटे तिरके दांडे आणि डेस्कटॉपचा आकडा टाका, \\१९२.१६८.१.१० असा, अर्थात टाकताना इंग्रजी आकड्यांत. नाव नंतर, आधी आकडा. आकड्याने उघडतं आणि नावाने नाही तर अडचण फक्त नाव शोधण्यात आहे, फोल्डरच्या परवानग्यांमधे डोकं घालायची गरज नाही. पासवर्ड विचारला तर युजरनेमच्या जागी डेस्कटॉपचं नाव, उलटा दांडा, आणि ते नवीन अकाउंट असं लिहा, नाहीतर लॅपटॉप स्वतःच्याच युजरचं नाव पुढे करतो. रिमेंबरवर टिक करा. बरोबर पासवर्ड देऊनही नाही म्हणत असेल तर कंट्रोल पॅनलमधे क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समधे डेस्कटॉपच्या नावाने जुनी नोंद पडलेली असेल ती काढून टाका आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. विंडोज एका मशीनला एका वेळी दोन वेगळ्या युजरनेमने जोडू देत नाही, म्हणून रीस्टार्ट हवाच.

एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे की मेसेज वाचून कुठलं दार अडलंय ते कळतं. पाथ नॉट फाउंड किंवा ८००७००३५ म्हणजे पोचलोच नाही, राउटर, पब्लिक-प्रायव्हेट प्रोफाइल, फायरवॉल बघा. पासवर्ड परत परत विचारतोय म्हणजे पोचलो, ओळख पटली नाही. परमिशन नाही म्हणतोय म्हणजे ओळखही पटली, फोल्डर अडवतोय. म्हणूनच तुमच्या डेस्कटॉपला लॅपटॉप पासवर्ड विचारत होता हे वाचून मला बरं वाटलं.

पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क राउटरलाच लावून शेअर करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. विंडोज ११ प्रो २४एच२ वर गेल्यावर पासवर्ड नसलेलं गेस्ट शेअर उघडणं बंद होतं आणि समोरच्याने डिजिटल सही केलेली डेटाची पाकिटं पाठवावी असाही आग्रह धरला जातो. राउटरच्या पानावर त्या डिस्कला युजरनेम पासवर्ड लावा, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट असेल तर करा. राउटर एसएमबी वनच बोलत असेल तर त्याच्यावर महत्त्वाचं काही ठेवू नका. आणि जुन्या व्हिडिओत होमग्रुप बनवा म्हणतात ते शोधत बसू नका, २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून होमग्रुप विंडोज १० मधून काढूनच टाकलाय.

आता प्रिंटर. फाईल शेअरिंग चालू झाल्याशिवाय प्रिंटरला हात लावायचा नाही, कारण यूएसबीचा प्रिंटर त्याच वाटेने शेअर होतो. डेस्कटॉपवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधे शेअरिंग, नाव एका शब्दात, लेझर म्हणा, स्पेस नको. तिथेच टेस्ट पेज काढून बघा, कागद खालीच येत नसेल तर वरून काय येणार.

लॅपटॉपवर जोडताना शेवटी ११बी असलेला कोड किंवा ७०९ आला तर घाबरू नका, तो आपल्या चुकीने येत नाही. २०२१ च्या जुलैमधे प्रिंट स्पूलरमधली (प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी त्रुटी उघड झाली, त्यानंतर मायक्रोसॉफ्टने प्रिंटर शेअरिंग टप्प्याटप्प्याने आवळलं, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर ११बी घरोघरी दिसायला लागला. एक मशीन अपडेट झालेलं आणि दुसरं मागे राहिलेलं असलं की हे जास्त होतं, म्हणून आधी दोन्ही मशीन अपडेट करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा डेस्कटॉप विंडोज ११ ला चालत असेल तर तेही मनावर घ्या. नेटवर सगळीकडे रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही) एक व्हॅल्यू शून्य करा असा उपाय सापडेल. त्याने चालतं, पण जे भोक बुजवलं ते परत उघडतं, मी ते करत नाही.

मी काय करतो ते सांगतो. आधी लॅपटॉपवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊन बसवतो, ६४ बिटचाच, विंडोज ११ ला दुसरा चालत नाही. मग ॲड प्रिंटरमधे मॅन्युअली, लोकल प्रिंटर, क्रिएट अ न्यू पोर्ट, प्रकार लोकल पोर्ट, आणि पोर्टचं नाव म्हणून दोन दांडे, डेस्कटॉपचं नाव, एक दांडा, लेझर. पुढे ड्रायव्हरच्या यादीतून आपलं मॉडेल. यात लॅपटॉपला वाटतं प्रिंटर आपलाच आहे, ड्रायव्हर समोरून ओढायची गरजच पडत नाही आणि बहुतेक वेळा दोन्ही कोड गायब होतात. फक्त त्याआधी डेस्कटॉपचा फोल्डर एकदा उघडून पासवर्ड रिमेंबर झालेला हवा.

आणि डेस्कटॉप झोपला की प्रिंटरही झोपला. पॉवर सेटिंगमधे स्लीप नेव्हर करा, स्क्रीन बंद झाली तर चालेल. दुपारी क्लास नसताना प्रिंट जात नाही आणि संध्याकाळी जाते अशी तक्रार आली की दर वेळी हेच निघतं.

ज्यांचा प्रिंटर थेट वायफायवर आहे त्यांचं दुखणं निराळं, लाईट जाऊन आली की ऑफलाइन. प्रिंटरला राउटरने नवीन आकडा दिला आणि लॅपटॉप जुन्या आकड्यावर शोधतोय. राउटरमधे डीएचसीपी रिझर्व्हेशन करून प्रिंटरला एकच आकडा कायमचा बांधून द्या, आणि लॅपटॉपवर प्रिंटरच्या पोर्ट्समधे डब्ल्यूएसडी (विंडोजने आपोआप लावलेला पोर्ट) दिसत असेल तर त्याऐवजी स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट बनवून तो आकडा टाका. त्याच पोर्टच्या कॉन्फिगरमधे एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड असा टिक असतो तो काढा, प्रिंटर चालू असून ऑफलाइन दाखवण्यामागे पुष्कळदा तोच असतो. रांगेत एखादी प्रिंट अडकून डिलीटही होत नसेल तर सर्व्हिसेसमधे प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या फोल्डरमधे सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स अशी वाट आहे, तिथल्या फाईली काढा, प्रिंटर्स फोल्डर ठेवा, आणि स्पूलर परत चालू करा.

तर ताई, उद्या क्लास सुटला की आधी फक्त दोन्ही मशीनचे आयपी, पिंगच्या चार ओळी जशाच्या तशा, आणि दोन्ही डब्यांच्या मागच्या बाजूचा एक फोटो, कुठली वायर कुठल्या पोर्टमधे आहे ते दिसेल असा, एवढं पाठवा. डब्याच्या खाली वायफायचा पासवर्ड छापलेला असतो तो फोटोत येऊ देऊ नका. मॉडेल कळलं की जुन्या राउटरमधे ॲक्सेस पॉइंट मोड कुठे आहे ते मी नेमकं सांगतो, तोवर वायर हलवू नका.